क्लोनिडीन

क्लोनिडीन ही बीपीची जुनी गोळी, आपल्याकडे बऱ्याच जणांना आर्कामिन या नावानं माहीत असते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत बोरिंगर इंगेलहाइम कंपनीत हे औषध नाक मोकळं करायला म्हणून बनवलं होतं, पण नाकात थेंब टाकल्यावर माणूस गाढ झोपला, नाडी मंदावली, प्रेशर उतरलं, आणि पुढे ते बीपीसाठीच वापरात आलं.

हे काम करतं थेट मेंदूवर. मेंदूचा जो खालचा भाग मणक्याकडे जातो तिथून हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना सतत निरोप जात असतात, जोरात धडधड, आवळून घे असे. क्लोनिडीन तिथल्या अल्फा-२ रिसेप्टरवर, म्हणजे पेशींवरच्या निरोप झेलणाऱ्या जागेवर, बसलं की हे निरोप कमी होतात, ठोके मंदावतात, वाहिन्या सैल पडतात. गुण तासाभरात दिसायला लागतो पण दिवसभर पुरत नाही म्हणून गोळी दिवसातून दोन-तीनदा घ्यावी लागते. डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, एक गोळी साधारण १०० मायक्रोग्रॅमची.

तोंड कोरडं पडणं, झोप येणं, बद्धकोष्ठ हे त्रास बरेच होतात, म्हणून आज डॉक्टर आधी अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन वगैरे देतात आणि तीन-चार गोळ्यांनीही प्रेशर हटत नसेल तर ही जोडतात. किडनीच्या, डायलिसिसच्या पेशंटच्या डब्यात ती बऱ्याचदा दिसते. किडनी खराब असेल तर औषध शरीरात जास्त वेळ राहतं त्यामुळे डोस जपून ठरवावा लागतो.

सगळ्यात महत्त्वाचं, ही गोळी एकदम बंद करायची नाही! गावाला जाताना स्ट्रिप घरी राहिली, एकादशीचा कडक उपवास म्हणून सकाळ-संध्याकाळची गोळी चुकवली, असं होतंच घराघरांत. मग दबलेले निरोप एकदम उसळून येतात आणि दीड-एक दिवसात डोकं ठणकतं, घाम फुटतो, हात थरथरतात, प्रेशर आधीपेक्षाही वर जाऊ शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं. ऑपरेशनच्या दिवशी उपाशीपोटी राहायला सांगितलं तरी ही गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची का हे भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच विचारून ठेवावं, बहुतेक वेळा ते घ्यायलाच सांगतात. बंद करायचीच असेल तर डॉक्टर डोस हळूहळू उतरवत नेतात, आणि सोबत मेटोप्रोलोलसारखा बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारं बीपीचं औषध) चालू असेल तर आधी तो काढतात, मग काही दिवसांनी क्लोनिडीन.