मुळं नव्हती तेव्हाचा मायकोरायझा

द्राक्ष-डाळिंबाच्या बागेत मायकोरायझाचं पाकीट सोडणाऱ्याला ही बुरशी काय करते ते सांगायला नको. मुळाला स्फुरद पोचवते, बदल्यात साखर घेते. ही देवघेव किती जुनी, यावर मात्र शंभर वर्षं खल चालू आहे.

शब्द 1885 सालचा. प्रशियाच्या सरकारला ट्रफल ही महागडी अळंबी लागवडीखाली आणायची होती. ट्रफलची शेती राहिली बाजूला, पण ते काम सोपवलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाला झाडांच्या मुळांवर बुरशीचं वेष्टण दिसलं. ‘बुरशी’ आणि ‘मूळ’ हे दोन ग्रीक शब्द जोडून त्यानं नाव पाडलं.

पुढं 1912 मध्ये स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाजवळ एका डॉक्टरला चर्टचे, म्हणजे सिलिकाच्या गारगोटीसारख्या खडकाचे, दगड सापडले. गरम झऱ्यांतल्या सिलिकानं सुमारे 40.7 कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती पेशींसकट जपल्या होत्या आणि त्यांच्यात बुरशीचे धागेही होते. पण ते जिवंत झाडाचे सोबती की मेलेल्या झाडावर जगणारे? शैवालाची आणि बुरशीची भागीदारी झाली म्हणून वनस्पती जमिनीवर आल्या, अशी मांडणी 1975 मध्ये झाली, तीही पुराव्यापेक्षा तर्कावरच. 1994 मध्ये ऱ्हायनीच्याच एका वनस्पतीच्या पेशींत बुरशीच्या झुडपासारख्या फुटलेल्या शाखा दिसल्या. देवघेव तिथंच होते, त्यामुळे सोबतीचा पक्ष जड झाला.

आणि इथंच शब्द अडला. या वनस्पतींना मुळंच नव्हती! मग त्याला मायकोरायझा कसं म्हणायचं? कुणी ‘मायकोरायझासदृश’ लिहितं, कुणी मुळाविना असलेल्या सोबतीसाठी ‘पॅरामायकोरायझा’ सुचवतं. काटेकोर माणसाला हे पटेल. मला विचाराल तर नाव कामावरून द्यावं, अवयवावरून नव्हे. नाहीतर मुळं उगवण्याआधीची सगळी सोयरीक बेवारस राहते.

तेवढ्यात जोडीदारही एकच नव्हता असं निघालं. 2011 मध्ये आजच्या काही आदिम लिव्हरवर्टांत (शेवाळासारख्या, मुळं नसलेल्या छोट्या वनस्पतींत) म्युकोरोमायकोटिना गटाची बुरशी सापडली. करोनाकाळात धास्ती घातलेल्या ‘काळ्या बुरशी’ची ही दूरची भावकी. 2013 मध्ये ऱ्हायनीच्या आणखी एका वनस्पतीत दोन्ही घराणी दिसली: वरच्या दांड्यात ग्लोमेरोमायकोटा, म्हणजे बागेतल्या मायकोरायझाचं नेहमीचं घराणं, बुडाशी कंदात ही दुसरी. पहिली सोयरीक कुणाशी, हा वाद त्यानं मिटला नाही, उलट रंगला. 2016 च्या एका वर्गीकरणानं दोन्ही घराणी एकाच संघात घातली. काहींनी ग्लोमेरोमायकोटाचं बिऱ्हाड तरीही वेगळंच ठेवलं आहे.