कॉम्प्टन्स कॅफेटेरिया दंगल

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात ऑगस्ट १९६६ मध्ये पारलिंगी स्त्रियांनी पोलिसांना दिलेली टक्कर. न्यूयॉर्कमधल्या समलिंगींचा पोलिसांविरुद्धचा गाजलेला स्टोनवॉल उठाव यानंतर तीन वर्षांनी झाला.

टेंडरलॉइन ही शहराच्या मध्यभागातील गरिबांची वस्ती. तिथल्या स्वस्त हॉटेलांत खोली घेऊन या स्त्रिया राहत. ‘ट्रान्सजेंडर’ हा शब्द तेव्हा रुळलेला नव्हता. त्या एकमेकींना ‘क्वीन’ म्हणत. नोकरी कोणी देत नसे, म्हणून अनेकींचे पोट देहविक्रयावर चाले. पुरुषाने बायकी कपडे घालू नयेत असा शहराचा नियम १८६३ पासूनचा होता आणि तो १९७४ पर्यंत टिकला. शर्टाची बटणे बायकांच्या बाजूला असली तरी पोलीस उचलत, अशी आठवण त्या काळच्या बायका सांगतात. तेवढेही सापडले नाही, तर रस्ता अडवल्याचा आरोप हाताशी होताच.

टर्क आणि टेलर रस्त्यांच्या कोपऱ्यावरचे कॉम्प्टन्स हे उपाहारगृह रात्रभर उघडे असे. समलिंगी पुरुषांच्या अनेक बारमध्येही या स्त्रियांना मज्जाव होता, त्यामुळे एका कॉफीवर तासन्‌तास बसायला हीच जागा. मालकाच्या हिशेबाने हे गिऱ्हाईक अर्थातच आतबट्ट्याचे. हुसकावण्यासाठी पोलीस येऊ लागले. वस्तीतल्या तरुणांच्या ‘व्हॅनगार्ड’ या संघटनेने जुलैमध्ये उपाहारगृहाच्या दारात निदर्शने केली. फरक पडला नाही.

ऑगस्टमधल्या त्या रात्री एका पोलिसाने एकीला धरले. तिने हातातली कॉफी त्याच्या तोंडावर फेकली. मग बशा, साखरेची भांडी, जे हाताला लागेल ते उडू लागले. दर्शनी काचा फुटल्या. भांडण रस्त्यावर आले तेव्हा जड पर्सा आणि उंच टाचांचे बूट कामी आले. पोलिसांच्या गाडीची मोडतोड झाली, वर्तमानपत्रांचा स्टॉल पेटला.

स्टॉल जळाला, पण वर्तमानपत्रांत बातमी नाही. त्यामुळे नेमकी तारीख आजही सांगता येत नाही. समलिंगींच्या १९७२ च्या प्राइड मिरवणुकीच्या कार्यक्रमपत्रिकेत या रात्रीचा उल्लेख होता. इतिहासकार सुझन स्ट्रायकर यांना तो पुढे अभिलेखागारात सापडला. त्यांनी साक्षीदार शोधून काढले आणि व्हिक्टर सिल्व्हरमन यांच्यासह २००५ मध्ये माहितीपट केला. त्यामुळे ही घटना जगापुढे आली.

२००६ मध्ये त्या कोपऱ्यावरच्या फुटपाथवर स्मृतिफलक बसला. इमारतीत मात्र पुढे कैद्यांना सुटकेआधी ठेवण्याचे केंद्र आले; ते चालवते ती तुरुंग चालवणारी खासगी कंपनी.