डोंगराच्या पाठीमागची लाट

जानेवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानातल्या बुर्सा शहरावर तबकडीसारखा एक ढग दिसला आणि परग्रहावरचं यान आल्याच्या गप्पांना ऊत आला. तिथल्या हवामान खात्याने तो भिंगाकार ढग असल्याचं लगेच सांगितलं होतं. असा ढग वारा जोरात असूनही जागचा हलत नाही, याचं नवल वाटायलाच हवं. पण त्याचं कारण परग्रहाच्या गोष्टीपेक्षा कितीतरी सुंदर आहे, आणि ग्लायडरचे, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाचे, वैमानिक त्याच कारणावर स्वार होतात.

वारा डोंगराला धडकून वर चढतो आणि त्यावर बिनइंजिनाचं विमान तरंगतं, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. कामशेतचे पॅराग्लायडरही या वाऱ्याचा फायदा घेतात. मात्र हा आधार डोंगरमाथ्याच्या वर फार उंच पोचत नाही. मोठी उंची मिळते ती डोंगर ओलांडल्यावर, वारा जिथे खाली कोसळतो त्या बाजूला! १९३३ साली वुल्फ हिर्थ आणि हान्स डॉइचमान या जर्मन वैमानिकांना रीझेनगेबिर्ग पर्वतामागे (आजच्या चेक-पोलंड सीमेवर) वर-खाली हेलकावणाऱ्या हवेच्या लाटा सापडल्या.

लाट येते कुठून? वर चढणारी कोरडी हवा प्रसरण पावते आणि दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी थंड होते. भोवतालची हवा मात्र किलोमीटरला साधारण ६.५ अंशांनीच थंड होत जाते असं धरू. म्हणजे डोंगराने वर ढकललेली हवा शेजाऱ्यांपेक्षा थंड आणि जड ठरते. ती खाली येते, वेगात असल्याने मूळ पातळीच्याही खाली जाते, तिथे दाबली जाऊन गरम व हलकी होते आणि पुन्हा उसळते. वरील आकडे घेतले तर अशा एका हेलकाव्याला सुमारे १० मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात ताशी ७२ किलोमीटरचा वारा १२ किलोमीटर पुढे जातो. म्हणून डोंगरामागे साधारण १२-१२ किलोमीटरवर एकेक शिखर तयार होतं. ओढ्यातल्या दगडामागे पाणी वाहत असतं, पण उंचवटा जागीच राहतो, तसंच हे. शिखराशी हवा थंड होऊन बाष्पाचा ढग बनतो, उतारावर तो विरतो. हवा बदलत राहते, ढग तिथेच.

आणखी एक गंमत म्हणजे लाट वर जाताना हवा विरळ होते, पण लाटेची ऊर्जा (घनता गुणिले वेगाचा वर्ग) साधारण तेवढीच राहते. १६ किलोमीटरवर घनता जमिनीलगतच्या सुमारे सातव्या भागाइतकी असते, त्यामुळे लाटेतला उभा वेग अडीचपटीहून जास्त वाढू शकतो. मधल्या थरांत लाट परतली किंवा फुटली नाही तरच हे घडतं.

१९ मार्च १९५२ रोजी कॅलिफोर्नियातल्या बिशपजवळ, सिएरा नेवाडाच्या पूर्वेला, लॅरी एडगर आणि हॅरोल्ड क्लीफोर्थ १३,४८९ मीटरपर्यंत चढले. त्यांच्या ग्लायडरच्या केबिनमध्ये दाब राखण्याची सोय नव्हती, फक्त ऑक्सिजनचे मुखवटे होते. तिथे लाटा उठतात त्या पॅसिफिककडून वादळी हवा येऊ लागली की. ओढून नेणाऱ्या विमानामागे ग्लायडर आधी रोटरमध्ये शिरतं. लाटेखाली गरगरणारी ही हवा इतकी खवळलेली असते की दोर क्षणात ताणतो, क्षणात सैल पडतो. रोटर ओलांडून दोर सोडला की अचानक सगळं नितळ होतं. वैमानिक नाक वाऱ्याकडे ठेवतो. ग्लायडरचा वेग आणि वाऱ्याचा वेग सारखे झाले की ते एकाच शेतावर थांबून लिफ्टसारखं वर जाऊ लागतं. रोटरला मात्र कुणी कमी लेखू नये. १९५५ मध्ये याच भागात एडगर यांच्या ग्लायडरचे रोटरने तुकडे केले, ते पॅराशूटने वाचले.

२ सप्टेंबर २०१८ रोजी अर्जेंटिनातल्या एल कॅलाफातेहून निघालेलं 'पर्लान २' हे ग्लायडर अँडीज पर्वताच्या लाटेवर ७६,००० फुटांच्या वर, म्हणजे सुमारे २३ किलोमीटरवर गेलं. प्रवासी विमानं १२ किलोमीटरच्या आसपास उडतात. हिवाळ्यात ध्रुवाभोवती स्थितांबरातही (ढग-पावसाच्या थराच्या वरच्या थरातही) जोरदार वारे वाहतात, म्हणून तिथली लाट एवढी वर टिकते.

वर फुटणाऱ्या या लाटा तिथल्या वाऱ्यांचा वेग कमी करतात. हवामानाची संगणकीय प्रारूपं वातावरणाचे मोठमोठे चौकोन पाडून गणित करतात, त्या जाळीत लहान लाटा मावत नाहीत, म्हणून त्यांचा हा परिणाम वेगळ्या सूत्रांनी धरावा लागतो.