सबक्वेरी आणि गटवार मोजणी

एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत एका क्वेरीच्या (माहिती मागणाऱ्या विधानाच्या) पोटात लिहिलेल्या दुसऱ्या क्वेरीला सबक्वेरी म्हणतात. आतल्या क्वेरीने ‘ग्रुप बाय’ लावून ओळींचे गट पाडायचे, गटागटाची संख्या काढायची आणि बाहेरच्या क्वेरीने ती संख्या साध्या कॉलमसारखी वापरायची, अशी ही रीत आहे. क्वेरीत क्वेरी बसवण्याची कल्पना आयबीएममध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या ‘सीक्वेल’ या एसक्यूएलच्या पहिल्या रूपापासूनची, ‘फ्रॉम’मध्ये, म्हणजे तक्त्याचे नाव येते तिथे, सबक्वेरी लिहिण्याची मुभा प्रमाण एसक्यूएलमध्ये १९९२ च्या आवृत्तीने दिली.

दरवेळी सबक्वेरीची गरज नसते. पाचपेक्षा जास्त पुस्तके असलेले लेखक हवे असतील तर गट पडल्यावर अट लावणारे ‘हॅविंग काउंट(*) > ५’ एवढे पुरते. (‘वेअर’ गट पडण्याआधीच ओळी गाळते, त्यामुळे ही अट तिथे चालत नाही, नवशिक्यांना पहिली ठेच इथेच लागते.) लेखकामागे सरासरी किती पुस्तके, असे विचारले की मात्र अडते. सरासरी ज्या संख्यांची काढायची त्या आधी तयार हव्यात, आणि ‘एव्हीजी(काउंट(*))’ (मोजणीची सरासरी) असे लिहायला प्रमाण भाषा परवानगी देत नाही. मग असे लिहितात:

सिलेक्ट एव्हीजी(मो.संख्या)
फ्रॉम (सिलेक्ट लेखक_क्र, काउंट(*) ॲज संख्या
फ्रॉम पुस्तके ग्रुप बाय लेखक_क्र) ॲज मो;

शेवटचे ‘मो’ हे टोपणनाव राहून गेले तर मायएसक्यूएल हा डेटाबेस क्वेरी घेतच नाही. आतला भाग लांबला तर तो ‘विथ’ वापरून वर काढता येतो. ही सोय १९९९ च्या प्रमाण एसक्यूएलमध्ये आली.

या पद्धतीचा खरा उपयोग दोन तक्ते एकदम मोजताना कळतो. एका लेखकाची ३ पुस्तके आणि ४ पुरस्कार आहेत असे धरू. लेखकाच्या तक्त्याला दोन्ही तक्ते सरळ जॉइन केले, म्हणजे लेखकाच्या क्रमांकावरून जोडले, तर प्रत्येक पुस्तकासमोर प्रत्येक पुरस्कार येतो, १२ ओळी होतात आणि दोन्ही काउंट १२ दाखवतात. एरर येत नाही, म्हणून ही चूक रिपोर्टमध्ये बिनबोभाट पुढे सरकते. तीच नोंद एकदाच मोजणाऱ्या ‘काउंट(डिस्टिंक्ट)’ने आकडा सावरतो, पण सोबत पानांची ‘सम’ (बेरीज) घेतली असेल तर ती चौपट फुगलेलीच राहते. त्यापेक्षा दोन्ही तक्त्यांची मोजणी आपापल्या सबक्वेरीत उरकावी आणि लेखकामागे एकच ओळ उरल्यावर जॉइन करावे.

शून्याचे दुखणे वेगळे. ज्याचे एकही पुस्तक नाही त्याचा गटच पडत नाही; वरच्या सरासरीतही तो धरलेला नाही. तो हवा असेल तर लेखकांच्या तक्त्यापासून ‘लेफ्ट जॉइन’ (जोडी नसलेल्या ओळीही राखणारा जॉइन) करून रिकाम्या नलच्या (मूल्य नसल्याच्या खुणेच्या) जागी ‘कोअलेस’ने ० भरावे लागते. कोरिलेटेड सबक्वेरी, म्हणजे प्रत्येक लेखकासाठी आत वेगळा काउंट मागणारी, ० आपसूक देते; पण ती ओळीगणिक चालली तर मोठ्या तक्त्यावर वेळ खाते. म्हणून क्वेरी चालवण्याची वेगवान रीत शोधणारे डेटाबेसमधले ऑप्टिमायझर तिचे रूपांतर ग्रुप बाय आणि जॉइनमध्ये करू पाहतात. संशोधक वॉन किम यांनी १९८२ मध्ये सुचवलेल्या अशा रूपांतरात नेमक्या शून्याच्याच ओळी गळत होत्या. हा दोष ‘काउंट बग’ म्हणून ओळखला जातो. १९८७ मध्ये गान्स्की आणि वाँग यांनी त्यावर आउटर जॉइनचाच (लेफ्ट जॉइन हा त्याचाच प्रकार) तोडगा दिला.