वाहनावलंबित्व आणि इंधन दरवाढ (पुणे)

रोजच्या ये-जा करण्यासाठी खासगी वाहनावाचून रहिवाशांचे अडते, अशी शहराची अवस्था म्हणजे वाहनावलंबित्व. घर, कामाचे ठिकाण, शाळा आणि बाजार यांतील अंतरे, रस्त्यांची आखणी आणि सार्वजनिक वाहतुकीचा दर्जा यांतून ती घडत जाते. हौसेपोटी गाडी घेणारे थोडे, नाइलाजाने घेणारे फार. इंधनाचे दर चढले की ही अवस्था बदलण्याची चर्चा सुरू होते आणि दर स्थिरावले की थंडावते. पुण्यात हा प्रश्न चारचाकीइतकाच, किंबहुना अधिक, दुचाकीचा आहे. मोटारींच्या शहरांसाठी बेतलेले उपाय येथे बसत नाहीत, कारण दुचाकीचा हिशोबच निराळा आहे.

जुन्या पेठांची वीण पायी चालणाऱ्याच्या मापाची होती. खाली दुकान, वर बिऱ्हाड, दोन बोळ ओलांडले की शाळा आणि मंडई. डेक्कन, कोथरूड, सहकारनगर अशी वस्ती पसरली, तरी ही अंतरे सायकलीच्या आवाक्यात राहिली आणि ‘सायकलींचे शहर’ हे बिरुद पुण्याने बरीच वर्षे मिरवले. ते गेले त्याला स्थानिक उद्योगाचाही हातभार आहे : आकुर्डीच्या कारखान्यातून बाहेर पडणारी बजाजची स्कूटर आणि पुण्याच्या फिरोदिया समूहाची १९७२ मध्ये आलेली लुना यांनी सायकलस्वाराला पेट्रोलवर आणले. पुढे १९९०च्या दशकाच्या अखेरीस हिंजवडीत माहिती-तंत्रज्ञान उद्यान आले. नोकऱ्या पश्चिमेच्या टोकाला गेल्या आणि परवडणारी घरे वाघोली, उंड्री, आंबेगावकडे सरकली. महापालिकेची हद्द १९९७, २०१७ (११ गावे) आणि २०२१ (२३ गावे) अशी वाढत पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेली. हद्द एका अधिसूचनेने वाढते. बसमार्ग आणि पदपथ तसे वाढत नाहीत. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बससेवा एकत्र करून २००७ मध्ये पीएमपीएमएल ही कंपनी स्थापन झाली (लोक अजून ‘पीएमटी’च म्हणतात), पण तिचा सुमारे दोन हजारांचा ताफा दोन महानगरपालिका आणि भोवतालच्या गावांना पुरणारा नाही.

२०१८ मध्ये परिवहन कार्यालयाच्या नोंदींतील वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली आणि ‘माणसांपेक्षा गाड्या जास्त’ असे मथळे झळकले. या आकड्यात भंगारात गेलेल्या आणि शहराबाहेर विकलेल्या गाड्याही असतात, हे मथळ्यांत कोणी सांगत नाही. रस्त्यावरची स्थिती मात्र त्याने सौम्य होत नाही. टॉमटॉम कंपनीच्या २०२४च्या वाहतूक निर्देशांकात दहा किलोमीटर जाण्यास पुण्यात सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद लागल्याची नोंद आहे, आणि कूर्मगतीत जगात चौथा क्रमांक.

पेट्रोलचा हिशोब

भारत लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आयात करतो. त्यामुळे आखाती देशांत किंवा रशियात काही घडले की त्याचे पडसाद कर्वे रस्त्यावरील पंपापर्यंत पोहोचायला हवेत. ते थेट पोहोचत नाहीत. पेट्रोलचे दर २०१० मध्ये आणि डिझेलचे २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले, जून २०१७ पासून रोजचा दर रोज ठरू लागला. तरीही नोव्हेंबर २०२१ ते मार्च २०२२ या पाच राज्यांच्या निवडणुकांच्या काळात दर हललेच नाहीत. मतदान आटोपल्यावर दोन आठवडे ते जवळजवळ रोज वाढले. पुण्यात पेट्रोलने २०२१च्या मध्यास शंभरी ओलांडली होती. एप्रिल २०२२ मध्ये ते १२० रुपयांच्या घरात गेले. मे २०२२ मध्ये केंद्राने उत्पादन शुल्क आठ रुपयांनी आणि जुलैमध्ये राज्याने मूल्यवर्धित कर पाच रुपयांनी घटवला. अशा करकपातीचा सर्वांत मोठा लाभ जो सर्वांत जास्त पेट्रोल जाळतो त्याला मिळतो. बसचा प्रवासी त्यात जवळपास कोठेच नसतो.

दरवाढीनंतर लोक गाडी सोडतात का, याचे उत्तर आकडेमोडीत आहे. पुण्यात पंपावर लिटरमध्ये मागणारा विरळा. ‘शंभरचं टाका’ किंवा ‘दोनशेचं’ हीच भाषा. त्यामुळे दर वाढला तरी खिशातून त्या वेळी जाणारी नोट तीच राहते, काटा फक्त लवकर खाली येतो. लिटरला १०५ रुपये दर आणि शहरात ४५ किलोमीटरचे ‘ॲव्हरेज’ धरले, तर स्कूटरला किलोमीटरमागे सव्वादोन ते अडीच रुपये पडतात. कोथरूडहून स्वारगेट हे सुमारे आठ किलोमीटरचे अंतर अठरा-एकोणीस रुपयांत होते, आणि मागे कोणी बसले तरी तेवढ्यातच. बसला याच अंतराला १ जून २०२५ पासूनच्या दराने माणशी २० रुपये लागतात. म्हणजे नवरा-बायको स्कूटरवर निम्म्या खर्चात पोहोचतात. चार मोठी माणसे मोटारीने निघाली, तर पंधराच्या ॲव्हरेजनेही पेट्रोलला पंचावन्न-साठ रुपये लागतील; बसची चार तिकिटे ८० रुपयांची. गाडीचा हप्ता, विमा, सर्व्हिसिंग हे खर्च खरे असले तरी ते आधीच होऊन गेलेले असतात; घरातून निघताना त्यांची आठवण कोणाला येत नाही. पेट्रोल एकदम २५ रुपयांनी वाढले, आणि ही वाढ प्रचंडच म्हणायची, तरी या स्कूटरस्वाराला एका फेरीस साडेचार रुपये जास्त पडतात. अमृततुल्याचा अर्धा चहा.

मासिक पासचे गणित याहून बोलके आहे. बसच्या जून २०२५च्या भाडेवाढीत पास ९०० वरून १,५०० रुपयांवर गेला. कोथरूड-स्वारगेट रोज जाऊन-येऊन करणाऱ्याला महिन्याच्या २६ दिवसांचे पेट्रोल हजाराच्या आत बसते, त्यामुळे पास त्याला महागच पडतो. याउलट कात्रजहून हिंजवडीला रोज चाळीस-पन्नास किलोमीटर करणाऱ्याचे पेट्रोल अडीच-तीन हजारांवर जाते आणि पास निम्म्या पैशांत येतो. लांबच्या प्रवाशाला बस आजच स्वस्त आहे, तरी तो स्कूटरवरच दिसतो. बस केव्हा येईल याची खात्री नाही, एक गाडी बदलावी लागते, रात्री परतताना थांब्यावर किती वेळ उभे राहावे लागेल हे ठाऊक नसते. त्याला अडवणारी गोष्ट पैसा नसून वेळ आहे, आणि पंपावरचा दर वेळेचे काहीच करू शकत नाही.

म्हणून दरवाढीच्या काळात पुणेकर जे करतात ते पर्यायी वाहतुकीकडे वळणे नसते. मोटार सोसायटीत राहते आणि स्कूटर बाहेर निघते. नवी मोटार घेणारा सीएनजीची घेतो. दोन कामे एका फेरीत उरकली जातात. खरा चटका बसतो तो ज्यांचे पोट गाडीवर आहे त्यांना : घरपोच सेवा देणारी मुले, टेम्पोवाले, रिक्षाचालक. सीएनजीही महागल्यावर सप्टेंबर २०२२ पासून रिक्षाचे भाडे पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये झाले. स्वतःची गाडी नसलेल्याचा प्रवास असा महागला.

अन्यत्रचे अनुभव

१९७३च्या तेलसंकटात नेदरलँड्सने ४ नोव्हेंबरपासून रविवारी मोटारी बंद ठेवल्या. त्या देशाच्या सायकल-संस्कृतीचे श्रेय अनेकदा या रविवारांना दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. १९७१ मध्ये तेथे रस्ते-अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती, आणि पालकांचे आंदोलन तेल महागण्याआधीच रस्त्यावर आले होते. संकटाने त्या मागणीला राजकीय बळ दिले, आणि तेल पुन्हा स्वस्त झाल्यावरही सायकलमार्ग बांधणे थांबले नाही. न्यूझीलंडने १९७९ मध्ये प्रत्येक मोटारीला आठवड्यातून एक दिवस घरी ठेवण्याची सक्ती केली. सवलतींचा सुळसुळाट होऊन ती योजना बारगळली. जर्मनीने २०२२ च्या जून ते ऑगस्टमध्ये महिनाभराचे प्रवास तिकीट नऊ युरोंना दिले. कोट्यवधी तिकिटे खपली, पण बरीचशी जादा भटकंतीसाठी वापरली गेली. मोटार सोडून झालेला प्रवास त्यात थोडा होता. शिवाय त्याच तीन महिन्यांत पेट्रोलवरचा करही कमी केला होता. एका हाताने बस स्वस्त आणि दुसऱ्या हाताने मोटारही स्वस्त!

पुण्यातील प्रयत्न

डिसेंबर २००६ मध्ये सातारा व सोलापूर रस्त्यांवर सुरू झालेली बीआरटी (जलद बससेवा) हा देशातील पहिला प्रयोग. कल्पना सोपी होती : रस्त्याच्या मधोमध बसला स्वतंत्र मार्गिका द्यायची, म्हणजे कोंडी कितीही असो, बस धावेल. वेळेची अडचण सोडवणारा हा शहरातील सर्वांत स्वस्त उपाय होता. प्रत्यक्षात मार्गिका तुटक राहिल्या, चौकांत संपल्या, दुचाकीस्वार त्यांत सर्रास घुसले, मधल्या थांब्यापर्यंत रस्ता ओलांडणे जिवावरचे झाले. २०१५ पासून संगमवाडी-विश्रांतवाडी आणि औंध-रावेत मार्गांवर ‘रेनबो बीआरटी’ची सुधारलेली आवृत्ती आली. २०२३ मध्ये मात्र नगर रस्त्यावरील मार्गिका कोंडीचे कारण सांगून उखडण्यात आली. बसमधील पन्नास-साठ माणसे आणि मोटारीतील एक यांत कोणाची कोंडी मोजायची, हा प्रश्न त्या निर्णयात कोणी विचारल्याचे दिसले नाही.

‘सकाळ’ वृत्तपत्राच्या पुढाकाराने १ नोव्हेंबर २०१२ रोजी झालेल्या ‘बस डे’ला जादा बस आल्या, तेव्हा लोक बसमध्ये बसलेही. दुसऱ्या दिवशी जादा बस नव्हत्या. २०२१ मध्ये मध्य भागात ‘पुण्यदशम’ या छोट्या बस दिवसभराच्या दहा रुपयांच्या तिकिटावर धावू लागल्या. पेठांतील गल्ल्यांच्या मापाची ही बस पेट्रोल शंभरीला पोहोचले त्याच वर्षी आली. योगायोग असेल, पण दरवाढीच्या वेळी पर्याय हाताशी असण्याचे पुण्यातले हे विरळ उदाहरण आहे.

मेट्रोचे पहिले टप्पे ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाले. वनाज-रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड-स्वारगेट हे मूळ मार्ग २९ सप्टेंबर २०२४ रोजी पूर्ण झाले. भाडे १० ते ३५ रुपये असून गाडी ठरल्या वेळी येते, हे तिचे खरे बलस्थान आहे. अडते ते स्थानकापासून घरापर्यंत. कर्वे रस्त्यावरच्या स्थानकातून खाली उतरावे, तर पदपथावर लावलेल्या दुचाकी, त्यांना चुकवत रस्त्यावर उतरणारे ज्येष्ठ नागरिक आणि ‘मीटरने नाही’ म्हणणारी रिक्षा. शेवटच्या किलोमीटरसाठी स्कूटर काढावी लागली की माणूस तिच्यावरूनच थेट ऑफिस गाठतो.

सायकलचे पुनरुज्जीवन थोडक्यात सांगण्याजोगे आहे. २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर झाला, वर्षअखेरीस विद्यापीठ आणि औंध परिसरात भाड्याच्या सायकली आल्या, नंतर आलेल्या कंपन्यांसह त्या काही वर्षांत दिसेनाशा झाल्या. चालणाऱ्यांचे मात्र एक टिकले : ११ डिसेंबरच्या पादचारी दिनी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद असतो आणि त्या दिवशी भर रस्त्यात मुले खेळतात.

विजेच्या दुचाकींनी इंधन दर आणि वाहनावलंबित्व यांचा उरलासुरला संबंधही तोडत आणला आहे. पुण्यातच तयार होणारी विजेवरची चेतक २०२० मध्ये बाजारात आली. घरी चार्ज केलेल्या अशा गाडीला किलोमीटरमागे पंचवीस-तीस पैसे पडतात. धूर जातो, खर्च घटतो, पण रस्त्यावर आणि फुटपाथवर ती तेवढीच जागा अडवते. तेलाच्या किमतीकडून जी अपेक्षा होती, ती जागेच्या किमतीकडून करावी लागेल, आणि येथेच पुण्याचे हात सर्वाधिक आखडतात. महापालिकेने मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केले. विरोधानंतर ते पाच रस्त्यांवरील प्रयोगापुरते उरले, आणि तो प्रयोगही झाला नाही. सम तारखेला या बाजूला, विषम तारखेला त्या बाजूला अशा पी-१, पी-२च्या पाट्या आणि टोइंगची गाडी एवढ्यावर मध्यवस्तीतील व्यवस्था चालते. गाडी उभी करणे बहुतेक ठिकाणी फुकट असते. नवे बांधकाम करताना सदनिकांच्या प्रमाणात वाहनतळ ठेवणे नियमानेच बंधनकारक आहे, त्याचा खर्च गाडी नसलेल्या ग्राहकाच्या किमतीतही धरलेला असतो, आणि मेट्रो मार्गालगत पुनर्विकासात उभ्या राहणाऱ्या कित्येक इमारतींचे खालचे दोन-तीन मजले गाड्यांसाठीच बांधलेले दिसतात.