लाकूड मुरलं म्हणून बेस गातो का?

२०२४च्या फेब्रुवारीत बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचा चोरीला गेलेला बेस गिटार सापडल्याची बातमी आली, तेव्हा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या वाद्यवेड्यांना बोलायला विषयच मिळाला. व्हायोलिनच्या आकाराचा तो हॉफ्नर बेस त्यानं १९६१ साली हाम्बुर्गमध्ये तीसेक पौंडांना घेतला होता. अमेरिकेतल्या फेंडर कंपनीचा बेस परवडत नव्हता. शिवाय तो डावखुरा; हॉफ्नर दोन्ही बाजूंनी सारखा, त्यामुळे उलटा धरला तरी विचित्र दिसत नसे. १९७२ साली लंडनमध्ये एका व्हॅनमधून तो गेला आणि पन्नासेक वर्षांनी इंग्लंडमधल्याच एका घराच्या माळ्यावर निघाला.

अशा गप्पांत एक वाक्य हमखास येतं. "जुनं लाकूड आहे हो, मुरलेलं. आवाज तिथून येतो." माझा भाचा कॉलेजच्या बँडमध्ये बेस वाजवतो. त्यानं लगेच मोबाइल पुढे केला: १९६२चा फेंडर जॅझ बेस, किंमत काही हजार डॉलर नव्हे, दहा हजारांच्या बरीच वर. "मामा, लाकडात काहीच नसेल तर लोक वेडे आहेत का?"

लोक वेडे नाहीत. किंमत खरी आहे, पण तिला दिलं जाणारं कारण बहुतांशी चुकीचं आहे. माझं भांडण त्या कारणाशी.

बेस म्हणजे चार जाड तारांचं गिटार. तारा ई, ए, डी, जी अशा लावतात. सगळ्यांत खालची ई सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, जी ९८ वेळा. हेच स्वर पूर्वी माणसाच्या उंचीचा, उभ्या व्हायोलिनसारखा डबल बेस देत असे. तो टॅक्सीच्या टपावर बांधून न्यावा लागे आणि ड्रम, ट्रंपेटपुढे ऐकूही येत नसे. सिएटलच्या पॉल टुटमार्कनं १९३०च्या दशकातच विजेवर चालणारा, पडद्यांचा बेस करून पाहिला होता, पण तो चालला नाही. चालला तो लिओ फेंडरचा. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान असलेला हा माणूस स्वतः गिटार वाजवत नसे. १९५१ साली त्यानं प्रिसिजन बेस काढला. मानेवर पडदे असल्यामुळे बोट थोडं इकडेतिकडे पडलं तरी सूर अचूक, म्हणून प्रिसिजन. १९६० साली जॅझ बेस आला, तेव्हा त्याची किंमत तीनशे डॉलरच्या आत होती. जानेवारी १९६५ मध्ये फेंडरनं कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. त्याआधीचा तो 'प्री-सीबीएस', हा शब्द जाहिरातीत आला की किंमत चढते.

आता मला ज्याबद्दल बोलायचंय ते. तारांखालची ती काळी डबी, पिकअप.

आत काय असतं? चुंबकाच्या बोटभर लांबीच्याही नसलेल्या कांड्या उभ्या बसवलेल्या, आणि त्यांच्याभोवती इनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. ही तार माणसाच्या केसाइतकी बारीक. चुंबक ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंडाच्या मिश्रधातूचे, म्हणून नाव अल्निको. बस्स. यात हलणारा भाग एकही नाही, बॅटरी नाही, मायक्रोफोन तर नाहीच. डबीत तोंड घालून ओरडलात तरी ती जवळजवळ बहिरीच.

चुंबकामुळे वरच्या पोलादी तारेचा तेवढा तुकडा स्वतःच लहानसा चुंबक होतो. तार छेडली की हा चुंबक वेटोळ्यापाशी पुढेमागे होतो, वेटोळ्यातून जाणारा चुंबकीय प्रवाह बदलतो, आणि मायकेल फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलं त्याप्रमाणे वेटोळ्यात वीज उमटते. सायकलच्या डायनॅमोत हेच घडतं. तिथे चुंबक चाकामुळे फिरतो, इथे तार थरथरते. ही वीज केबलमधून अँप्लिफायरला जाते आणि स्पीकरमधून बेस ऐकू येतो. म्हणजे तुमच्या कानावर पडतं ते हवेतून आलेल्या लाकडाच्या आवाजाचं रूप नव्हे, तर डबीसमोर पोलाद कसं हललं याची विजेतली नोंद.

खातरजमा करायची असेल तर तानपुऱ्याचा विचार करा. आमच्याकडे ग्वाल्हेरात प्रत्येक गाणाऱ्या घरात एक तरी असतोच. जोडीच्या तारा पोलादी असतात आणि खर्जाची तार पितळी. तानपुऱ्याखाली बेसचा पिकअप धरला तर जोडी वाजेल आणि खर्ज गप्प राहील, कारण पितळ चुंबकाला दाद देत नाही. भोपळा शंभर वर्षांचा असो की काल आणलेला, पिकअपला त्याची जाण नाही.

पिकअपची जागा हा माझा सगळ्यांत आवडता भाग. तार एकाच पद्धतीनं कंप पावत नाही. पूर्ण तार मिळून मूळ स्वर देते, त्याच वेळी ती दोन भागांत, तीन भागांत, चार भागांत अशीही हलते, आणि या प्रत्येकातून एकेक उपस्वर निघतो. चार भागांत हलणाऱ्या तारेवर मध्ये तीन बिंदू जागच्या जागी स्थिर राहतात. पिकअप बरोबर त्या बिंदूखाली, म्हणजे घोडीपासून तारेच्या चौथ्या हिश्शावर बसवला, तर चौथा उपस्वर त्याला दिसतच नाही. आठवा आणि बाराव्याचं तेच. तार तिथे आहे, उपस्वर तारेत आहे, पण त्या बिंदूवर हालचाल नाही, म्हणून वीज नाही. पिकअप घोडीकडे सरकवा, गाळले जाणारे उपस्वर बदलतात आणि आवाज टोकदार होतो. मानेकडे सरकवा, गोल आणि जड होतो. आता पुढची गंमत. बोट पडद्यावर दाबलं की तार आखूड होते, पण पिकअप हलत नाही. त्यामुळे चौथा हिस्सा आता दुसरीकडेच जातो आणि गाळणीही बदलते. जिथे छेडाल त्या जागेचंही असंच आहे: बोट ज्या उपस्वराच्या स्थिर बिंदूवर पडेल तो उपस्वर उठतच नाही. प्रत्येक पडद्यावर या दोन गाळण्यांचा वेगळा मेळ. इथे भाच्यानं जांभई दिली होती, पण हे सोडून बेसच्या आवाजावर बोलता येत नाही. जॅझ बेसचा घोडीजवळचा पिकअप सत्तरच्या दशकात सुमारे एक सेंटिमीटर घोडीकडे सरकला, आणि साठच्या आणि सत्तरच्या बेसमधला फरक ऐकणारे ओळखतात. यातला बराचसा फरक त्या सेंटिमीटरचा. लाकडाचं वय मध्ये आणायची गरजच पडत नाही.

आणखी एक पायरी. इतके वेढे असलेल्या वेटोळ्याचं प्रेरकत्व, म्हणजे बदलत्या विजेला अडवण्याचा गुण, काही हेन्री असतं आणि केबलमध्ये थोडी धारिता, म्हणजे वीज साठवण्याचा गुण. दोन्ही मिळून एक अनुनाद-मंडल बनतं: काही हजार हर्ट्झजवळचे सूर ते थोडे उचलतं आणि त्यावरचे कापून टाकतं. वेढे वाढले तर हे शिखर खाली येतं, आवाज जाडसर होतो. कमी झाले तर उजळ. त्या काळी पिकअप गुंडाळताना तार हातानं धरून फिरत्या बॉबिनवर सोडत. ताण कमीजास्त, वेढे कमीजास्त. एकाच साली बनलेले दोन बेस वेगळे वाजतात यामागे गूढ काही नाही. शिवाय आतली व्हॉल्यूमची पॉट्सही, म्हणजे बटणांखालचे कमीजास्त करता येणारे रोधक, सांगितलेल्या मूल्यापासून बरीच इकडेतिकडे असत.

फेंडरनं १९५७ मध्ये प्रिसिजनचा पिकअप दोन तुकड्यांत केला, त्याचं कौतुक मात्र केल्याशिवाय राहवत नाही. ई-ए तारांखाली एक तुकडा, डी-जी खाली दुसरा. एकाचे वेढे उलट्या दिशेचे आणि चुंबकही उलटा. मांडवातल्या डिमरमधून, वायरिंगमधून येणारी घूं घूं दोन्ही वेटोळ्यांत सारखीच शिरते, पण वेढे उलटे असल्यानं एकमेकांना खोडून टाकते. तारेचा आवाज मात्र खोडला जात नाही, कारण ती तार ज्या तुकड्यावर आहे फक्त त्यालाच ती दिसते. दुसरा तुकडा त्या क्षणी केवळ घूं मारायला हजर. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा जी ४९ हर्ट्झचा. एकाच वेटोळ्याच्या पिकअपवर तो स्वर धरला आणि घूं घूं जोरात असली, तर सेकंदाला एकेक लाट येताजाताना ऐकू येते. गणपतीत ज्यांनी मांडवात वाजवलंय त्यांना ही लाट ओळखीची असेल, कारण माहीत नसलं तरी.

मग लाकूड काहीच करत नाही का? करतं, पण उलट बाजूनं. फेंडरच्या बेसवर जी तारेच्या पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास बऱ्याचदा एक स्वर लवकर मरतो. त्या वारंवारतेला मान स्वतः डोलते आणि तारेची ऊर्जा खाऊन टाकते. तार लवकर थांबते आणि पिकअप तेच नोंदवतो. अगदी भल्याभल्या जुन्या बेसवरही ही मेलेली जागा असते. लाकूड बेसच्या आवाजात सगळ्यांत उघडपणे सापडतं ते इथे, आणि ते खोट म्हणून.

तारा आणि हात यांचा परिणाम मोठा आहे. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन सपाट वेष्टणाच्या तारा तुटेपर्यंत बदलत नसे. जुन्या, घामानं आणि मळानं जड झालेल्या तारांतले वरचे उपस्वर लवकर विझतात, म्हणून तो गुबगुबीत आवाज. त्याचा १९६२चा प्रिसिजन १९८३ मध्ये त्याच्या मृत्यूच्या थोडं आधी चोरीला गेला, तो अजून सापडलेला नाही. उद्या कुणी तो शोधून त्यावर नव्या कोऱ्या गोल वेष्टणाच्या तारा चढवल्या, तर तो जेमर्सनसारखा वाजणार नाही.

व्हायोलिनमध्ये तर लाकूडच आवाज बाहेर टाकतं. तिथे तरी वयाचा फायदा दिसावा ना? क्लॉडिया फ्रिट्झ आणि जोसेफ कर्टिन यांच्या चमूनं २०१० मध्ये इंडियानापोलिसला २१ वादकांना, दिसू नये असे चष्मे घालून, स्ट्रॅडिव्हेरियससकट जुनी आणि नवी व्हायोलिनं वाजवायला दिली. वादकांचा कल नव्याकडेच जास्त होता.

आमच्या गावात मियाँ तानसेनच्या समाधीजवळ चिंचेचं झाड आहे. त्याची पानं चघळली की गळा गोड होतो म्हणून गवई मंडळी पानं तोडून नेत आली आहेत. आताचं झाड मूळचं नाही, असंही म्हणतात. पानं मात्र तशीच तुटतात. 'मुरलेलं लाकूड' मला याच जातीचं वाटतं. फरक इतकाच की चिंचेचं पान फुकट मिळतं. यावर कडी म्हणजे आता कारखान्यातच खरवडून, झिजवून, गंज चढवून 'जुने' केलेले नवे बेस मिळतात आणि ते बिनओरखड्यांच्या बेसपेक्षा महाग असतात. नव्या भांड्याला पोचे पडलेले असले तर आपण पैसे कमी देतो. इथे उलट चाललंय.

किंमत वाढते ती मोजक्या संख्येमुळे, मालकांच्या इतिहासामुळे आणि खऱ्या-खोट्याच्या खात्रीमुळे. नामवंत अमेरिकी बेसवादक जॅको पास्टोरियसचा पडदे काढून टाकलेला, मानेवर बोटींसाठी वापरतात तसलं इपॉक्सी चढवलेला १९६२चा जॅझ बेस १९८६ मध्ये चोरीला गेला आणि वीसएक वर्षांनी परत उजेडात आला; त्याची किंमत सांगताना पिकअपचे वेढे कोण मोजणार?

खात्री मात्र अगदी कारकुनी पद्धतीनं होते, आणि ती मला आवडते. झाकण काढा, व्हॉल्यूमच्या पॉटची पाठ भिंगाखाली धरा. पत्र्यावर ठोकलेले आकडे दिसतील. ३०४६१३४ असेल तर ३०४ म्हणजे स्टॅकपोल कंपनी, ६१ म्हणजे १९६१ साल, ३४ म्हणजे त्या सालचा चौतिसावा आठवडा. १३७ नं सुरुवात असेल तर सीटीएस कंपनी. यावरून एवढंच कळतं की बेस त्या आठवड्याच्या आधीचा नाही. १९६६ ची पॉट्स फेंडरकडे इतकी शिल्लक होती की ती पुढे काही वर्षं वापरात राहिली. डाग लागलेलं सोल्डर नंतर कुणी हलवलंय का, मानेच्या टाचेवर पेन्सिलीनं किंवा शिक्क्यानं तारीख आहे का, हेही पाहतात. जांभळ्या-अतिनील दिव्याखाली जुना नायट्रोसेल्युलोज लॅकर एक रंग देतो आणि नंतर मारलेला हात दुसरा. मागच्या पट्टीवरच्या क्रमांकावर मात्र फार विसंबू नये, त्या पट्ट्या क्रमानं लागत नसत.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. साठच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या बहुतेक फेंडर बेसच्या मानेवरची काळपट पट्टी ब्राझिलियन रोझवुडची असते. हे झाड १९९२ पासून साइट्स या, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे असा बेस सीमेपलीकडून आणायचा तर परवाने लागतात. पुढच्या काळात वाद्यं बनवणारे भारतीय शिसवीकडे वळले. तीही साइट्सच्या यादीत आहे, पण दुसऱ्या परिशिष्टात, आणि तयार वाद्यांना २०१९ पासून सूट मिळाली. अमेरिकेतून 'प्री-सीबीएस' मागवायचा विचार असेल तर पैसे पाठवण्याआधी विकणाऱ्याकडून मानेवरच्या पट्टीचं लाकूड कोणतं आणि त्याचे कागद कुठे आहेत, हे लेखी मागून घ्यावं.