प्लेटलेट भिंतीला चिकटते, की एकमेकींना धरते?

‘तुमच्या प्लेटलेट चिकट झाल्यात, म्हणून ही गोळी,’ असं दवाखान्यात सर्रास सांगितलं जातं. पेशंटला तेवढ्यानं अर्थ लागतो. पण या एका ‘चिकट’ शब्दात दोन निराळ्या गोष्टी कोंबल्या आहेत, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय ना तपासणी कळते, ना औषध.

भाजी चिरताना बोट कापतं. रक्तवाहिनीचं अस्तर फाटून खालचं कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन उघडं पडतं. रक्तातला व्हॉन विलेब्रँड फॅक्टर (एक मोठं प्रथिन) त्यावर जाऊन बसतो आणि धारेबरोबर वेगानं निघालेली प्लेटलेट तिच्या अंगावरच्या ‘जीपी वन-बी’ रिसेप्टरनं, म्हणजे पकडीच्या प्रथिनानं, त्याला पकडते. हे अ‍ॅडहिजन, म्हणजे भिंतीला चिकटणं. मग ती एडीपी आणि थ्रॉम्बॉक्झेन ही इशाऱ्याची रसायनं सोडते, आजूबाजूच्या प्लेटलेट जाग्या होतात आणि रक्तातल्या फायब्रिनोजेन या प्रथिनाच्या धाग्यानं एकमेकींत गुंततात. तिथं काम करतो तो ‘जीपी टू-बी-थ्री-ए’ हा दुसराच रिसेप्टर. हे अ‍ॅग्रिगेशन. पहिल्यात थर बसतो, दुसऱ्यात त्यावर ढीग चढतो.

निसर्गानंही हा फरक दाखवून ठेवलाय. बर्नार्ड-सूलिए या आजारात पहिला रिसेप्टर नसतो किंवा नीट काम करत नाही, ग्लान्झमानच्या आजारात दुसरा. रक्तस्राव दोन्हींत होतो, पण कडी वेगळ्या ठिकाणी तुटलेली असते.

आता मोजमाप. लॅबमध्ये ज्याला आपण ‘प्लेटलेट फंक्शन’ म्हणतो ते बहुतेक वेळा अ‍ॅग्रिगेशनच असतं, कारण ते मोजणं सोपं आहे. 1962 साली लंडनमध्ये गुस्ताव बॉर्न यांनी (भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न यांचे ते चिरंजीव) त्याची पद्धत मांडली. रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटच्या नळीतलं रक्त सेंट्रिफ्यूज यंत्रात हळू फिरवून वरचा प्लेटलेटवाला प्लाझ्मा घ्यायचा, 37 अंशांवर ठेवायचा, तळाशी इवलासा चुंबकी दांडा फिरत असतो. निरोगी प्लेटलेट चपट्या असल्यामुळे ढवळताना गढूळ प्लाझ्मात रेशमासारखी लकाकी फिरताना दिसते. एडीपीचा थेंब टाकला की लकाकी विझते, मग बारीक कण दिसू लागतात आणि प्लाझ्मा निवळतो. पलीकडे जाणारा प्रकाश वाढतो, तोच आलेख. हे मी कितीदाही पाहू शकतो.

पण या नळीत भिंत कुठं आहे? कापलेली वाहिनी नाही, धारही नाही. अ‍ॅडहिजनला दोन्ही लागतात. 1960च्या सुमारास काचेच्या मण्यांनी भरलेल्या नळीतून रक्त सोडून आधीच्या आणि नंतरच्या प्लेटलेट मोजायचे. कमी भरल्या त्या चिकटल्या असं धरायचं. गोम अशी की अडकलेल्यांपैकी किती काचेला चिकटल्या आणि किती एकमेकींना, हे त्यातून सांगता येत नाही. बाउमगार्टनर यांनी सशाची महाधमनी उलटी करून, आतलं अस्तर काढून, तिच्यावरून रक्त वाहवलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली थर वेगळा, ढीग वेगळा मोजला. माझ्या मते हाच खरा प्रामाणिक मार्ग, पण रोजच्या कामाला तो झेपणारा नाही. कोलॅजेन लावलेल्या बारीक छिद्रातून रक्त ओढून छिद्र बुजायला लागलेला वेळ मोजणारं पीएफए-100 हे यंत्र सोयीचं आहे, मात्र त्यातही दोन्ही क्रिया एकत्रच येतात.

औषधांकडे याच नजरेनं पाहावं. अ‍ॅस्पिरिन थ्रॉम्बॉक्झेन बनणं बंद करतं, तेही त्या प्लेटलेटच्या उरलेल्या आयुष्यासाठी. प्लेटलेट जगते 7 ते 10 दिवस. क्लोपिडोग्रेल एडीपीचा रिसेप्टर अडवतं. टायरोफिबान तर थेट ‘टू-बी-थ्री-ए’वरच बसतं. तिन्हींचा मारा मुख्यतः ढिगावर आहे, भिंतीवरच्या पहिल्या थरावर नाही. त्या थराशी भिडणारं औषध म्हणजे कॅप्लासिझुमॅब: ते व्हॉन विलेब्रँड फॅक्टरची प्लेटलेट धरणारी जागाच झाकतं. टीटीपी या, बारीक रक्तवाहिन्यांत प्लेटलेटच्या गुठळ्या होणाऱ्या, जीवघेण्या आजारासाठी युरोपात 2018 मध्ये आणि अमेरिकेत 2019 मध्ये त्याला मान्यता मिळाली.

बॉर्नच्या नळीतही अ‍ॅडहिजनची एक खिडकी मात्र आहे. रिस्टोसेटिन हे मुळात अँटिबायोटिक. प्लेटलेट घटू लागल्या म्हणून ते वापरातून गेलं आणि लॅबमध्ये कायमचं राहिलं, कारण ते व्हॉन विलेब्रँड फॅक्टर आणि ‘वन-बी’ची गाठ धारेशिवायच घालून देतं. अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या माणसाचं रक्त लावलं, की अ‍ॅरॅकिडोनिक आम्लाची (याच्यापासूनच प्लेटलेट थ्रॉम्बॉक्झेन बनवते) रेघ जवळपास आडवी राहते. त्याच प्लाझ्माच्या दुसऱ्या नळीत रिस्टोसेटिन घाला, रेघ सरळ वर चढते.